वरणाची बादली

चैत्रातला शेवटचा रविवार. सकाळचे सात.
जागा: हणमंतअप्पांच्या आडतीचा ओटा, मोंढा, उदगीर.
हजर:
१. हणमंतअप्पा – भात
२. दिगंबर – भाजी, मंडप, भांडी
३. खाजाभाई – पाणी, मठ्ठा, टेम्पो
४. मी – पोळी, तूप आणि ही यादी
५. वरण –

पाचचा आकडा सवयीनं पडला. त्याच्यापुढं ‘वरण’ असं लिहूनही झालं, आणि मग पेन कागदावर टेकलेलं तसंच राहिलं.

“सर, शाई वाळली काय?” अप्पांनी विचारलं.

“न्हाई अप्पा. वरणाला कोण?”

दिगंबरनं ओट्यावर सांडलेले तुरीचे दाणे एकेक करून वेचायला घेतले. अप्पांनी चष्मा काढून धोतराच्या टोकाला पुसला. शेवटी खाजाभाई म्हणाले, “आगे का लो ना सर. वरण कहां भागतंय?”

म्हणून मी पुढचं घेतलं. पत्रावळी, द्रोण, पाण्याचे जार, बसकर पट्ट्या.

वरण म्हणजे बालाजी. आमच्याच गल्लीतला, पिठाच्या गिरणीचा मालक. करोनाच्या दुसऱ्या लाटेत तो गेला. आणि त्या रविवारी आम्ही ओट्यावर जमलो होतो ते त्याच्याच मुलीच्या, अश्विनीच्या लग्नासाठी.

आमच्या मंडळाला नोंदणी नाही, पाटी नाही. गल्लीत त्याला बादली मंडळ म्हणतात, तेही थोडं चेष्टेनं. गल्लीत कुणाच्याही घरी लग्न निघालं की पंगतीला वाढायला आम्ही पाच जण. वीस-बावीस वर्षं हे चाललं. बोलावण्याची रीत ठरलेली होती. लग्नघरचा माणूस एक सुपारी घेऊन यायचा आणि आमच्या रिकाम्या बादलीत टाकायचा. टण् असा आवाज झाला की ते लग्न आमचं. त्यानं फक्त आचारी बघायचा, पंगतीची काळजी आमची. वाढप्यांनी सगळ्यांत शेवटी जेवायचं, आणि त्या शेवटच्या पंगतीला यजमानानं स्वतः वाढायचं, हीही रीतच.

नियम बहुतेक माझे. मी हायस्कूलात पीटी शिकवतो. माणसांची रांग दिसली की मला ती सरळ करावीशी वाटते. बादली डाव्या हातात, पळी उजव्या. पंगतीकडं पाठ करायची नाही. आधी मीठ, लिंबू, चटणी. भात पडला की त्याच्या मागोमाग वरण, वरणावर लगेच तूप. मी पंगतीत शिट्टी वाजवतो हे खोटं आहे, पण गल्लीत तसं सांगतात.

एक नियम मात्र बालाजीचा होता. तो म्हणायचा, “सर, पायजे का म्हणून इचारू नका कुणाला. माणूस लाजतंय, नको म्हणतंय, आन् अर्धपोटी उठतंय. किती, एवढंच इचारायचं.” तो गिरणीवरून सरळ पंगतीत यायचा. पापण्यांवर पीठ, खांद्यावर पंचा. भरलेली बादली रिकामी असल्यासारखी झुलवत यायचा. “किती काका? किती माय?” उत्तर येईपर्यंत पळी पत्रावळीवर पोचलेली असायची.

लग्नसराई आली हे उदगीरमध्ये आधी नाकाला कळतं. एरवी गावाला डाळमिलचा वास असतो, भाजक्या टरफलांचा, कोरडा. वैशाखात त्याच्यात बुंदीच्या पाकाचा वास मिसळतो, तापलेल्या मंडपाच्या कापडाचा, जनरेटरच्या डिझेलचा, पाण्याच्या पिंपांभोवती गुंडाळलेल्या ओल्या पोत्यांचा. मग कानाला कळतं. किल्ल्याकडून एक वरात निघते, स्टेशनकडून दुसरी, आणि चौकात दोन्ही बँड एकमेकांत घुसतात. कुणीच माघार घेत नाही. दोन नवरदेव दोन घोड्यांवर घामानं निथळत एकमेकांकडं बघतात आणि त्या क्षणी त्या दोघांना एकमेकांबद्दल जेवढं वाटतं तेवढं पुढं सासरच्या कुणाबद्दल वाटत नसावं. मला हा मोसम आवडतो. शाळेला सुट्टी, यादी मोठी.

त्या वर्षी हे सगळं मध्येच तुटलं. पत्रिका वाटून झालेल्या, काही दारांत मांडवाचे बांबू रोवलेले, आणि बंदी आली. साऱ्या देशाचं तेच चाललं होतं. टीव्हीवर जे दिसायचं ते बघून घरातली मोठी माणसं टीव्ही बंद करायची आणि पाच मिनिटांनी परत लावायची. पण मला त्या उन्हाळ्यातलं आठवतं ते टीव्हीतलं नाही. भर दुपारी होले पक्षी घुमायचे आणि त्यांचा आवाज गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू यायचा, कारण दुसरा आवाजच नव्हता. शाळेसमोरचा गुलमोहर दर वर्षीसारखाच गळला, पण पाकळ्यांवर पाय पडले नाहीत, आणि रस्ता कित्येक दिवस अखंड लाल राहिला. बालाजीची गिरणी चालू होती. लोक दळणाचे डबे दारात ठेवून लांब जाऊन उभे राहायचे आणि तिथूनच ओरडायचे, “जाडं काढ रे, भाकरीचं हाय!” मग रुग्णवाहिका जायची. ती गेल्यावर होलेसुद्धा थोडा वेळ गप्प असायचे.

दिगंबरच्या गोदामात लग्नाची भांडी उताणी पडलेली. अप्पांच्या आडतीत डाळ, तांदूळ. खाजाभाईंचा टेम्पो रिकामा. बालाजीच एक दिवस म्हणाला, “दवाखान्याच्या गेटाबाहेर लोक बसलेत. आत त्यांचा माणूस हाय, बाहेर हॉटेल बंद. चहा न्हाई, पाणी न्हाई. आपल्याकडं सगळं हाय आन् आपण पत्ते खेळून राहिलो.”

दुसऱ्या दिवशी मी यादी केली. गोदामात चूल दिगंबरकडं. तो रोज फोनवरून बायकोला विचारून फोडणी घालायचा. शिधा अप्पांचा, त्यांचं वय बघता त्यांना घराबाहेर पडायची मनाई. गाडी खाजाभाईंची. माझी शाळा तपासणी केंद्र झाली होती आणि मला तिथं नेमलेलं. राहिलं गेटावरचं वाढणं. तिथं मी लिहिलं, बालाजी. पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी. “सर, माझं टाका,” तो म्हणायचा, आणि मी टाकायचो. नाही न म्हणणारा माणूस यादी करणाऱ्याला फार सोयीचा असतो.

मी एकदा लांबून बघितलं होतं. गेटाबाहेर फूटपाथवर माणसं अंतर सोडून बसलेली. अहमदपूरकडची एक बाई गुडघ्यात डोकं घालून. तिला भूक नाही, असं ती तीनदा म्हणाली. बालाजी तिच्यापुढं पत्रावळ ठेवून उभा राहिला. तोंडाला पंचा बांधलेला, त्यामुळं नुसते पांढऱ्या पापण्यांचे डोळे. “किती माय? एक पळी का दोन?” ती बाई म्हणाली, “एक.” आणि जेवली. तिचा माणूस आत होता. त्याचं पुढं काय झालं ते मला माहीत नाही.

आठ दिवस झाल्यावर नवव्या दिवशी बालाजीला ताप आला. उदगीरला जागा नाही, लातूरला नाही. खाजाभाईंनी त्याला टेम्पोत पुढं स्वतःशेजारी बसवून नांदेडला नेलं, एका मोठ्या दवाखान्यात. जागा मिळाली. घरी सुनंदावहिनी आणि अश्विनी, दोघीही तापानं पडलेल्या. त्यामुळं गेटाबाहेर खाजाभाईच थांबले, सहा दिवस. ते नंतर एकदाच त्याबद्दल बोलले. म्हणाले, “सर, जिंदगीभर वाढलं आपण. तिथं पहिल्यांदा मी बसलेलो आन् कुणी तरी वाढून राहिलंय. लंगरची गाडी यायची. सरदारजी म्हणायचे, दोन्ही हात पुढं करा. मी हात पुढं केले. रोटी पडली. ती रोटी हातात घेऊन मी बसलो आन् आतून निरोप आला.”

एवढंच. रोटीचं काय केलं ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

मग मोसम परत आले, लग्नंही आली, पण बादल्या गोदामात एकात एक घालून तशाच राहिल्या. कुणी मंडळ बंद केलं असं झालं नाही. सुपाऱ्या येईनात आणि आम्ही त्या मागायला गेलो नाही. लोकांनी बुफे धरला. ताट हातात घेऊन रांगेत उभं राहायचं, मग उभ्यानंच खायचं. उभ्यानं जेवणाऱ्याला आग्रह करता येत नाही, धक्का मात्र छान देता येतो. मीही लग्नांना जायचो, आहेर द्यायचो आणि घरी येऊन जेवायचो. बायको विचारायची, “तिथं जेवण नव्हतं का?” मी म्हणायचो, रांग वाकडी होती.

खरं असं होतं की मी यादी लिहायचं सोडलं होतं. शाळेच्या याद्या होतच होत्या, त्या नोकरीच्या. पण कुठल्याही कामापुढं एखाद्या माणसाचं नाव लिहायची वेळ आली की मला तो कागद दिसायचा: आठ तारखा, आठ वेळा एकच नाव, माझ्या अक्षरात. शाळेतली माझी ड्युटी दुपारी चारला सुटायची. संध्याकाळचं गेट मला जमलं असतं. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. वहिनींसमोरून जायची वेळ आली की मी पलीकडच्या बाजूनं जायचो. दळण बायको न्यायची.

या वर्षी होळी झाल्यावर एका सकाळी वहिनी गोदामात आल्या. मी तिथं शाळेच्या कार्यक्रमासाठी सतरंज्या मागायला गेलो होतो. बालाजीच्या मागं गिरणी त्यांनीच चालवली. आता त्यांच्याही पापण्यांवर पीठ असतं. कोपऱ्यात बादल्यांचा मनोरा होता, त्यातली सगळ्यांत वरची त्यांनी उचलली, फुंकर मारून धूळ उडवली आणि पदराच्या गाठीतून सुपारी काढून आत टाकली.

टण्.

“अश्विनीचं ठरलं,” त्या म्हणाल्या. “देगलूरचे हायेत. पंगत बसवायची.”

“वहिनी, बुफे सोपा पडंल,” दिगंबर म्हणाला. “आता मंडळ कुठं राहिलंय?”

“चौघं तर हाव की तुमी.”

“सवय तुटली वो.”

“अन् गिरणीची मला सवय होती का?” त्यांनी माझ्याकडं बघितलं. “सर, वही हाय का हरवली?”

“हाय,” मी म्हणालो.

तर ओट्यावरचा तो रविवार असा आला. पाचव्या ओळीपुढं नाव न लिहिता मी वही मिटली. पुढं तीन आठवडे आम्ही रोज भेटत होतो. मीठ किती, पोळ्या कुणाकडून, जार कधी, सगळं बोललो. वरणाचं कुणी बोललं नाही. मला वाटलं, भाजी लवकर वाढून होते, तर दिगंबर घेईल. दिगंबरला वाटलं, पोळीवाला मोकळा असतो, सर घेतील. खाजाभाईंना वाटलं, अप्पांनी पुतण्याला सांगितलं असेल. अप्पांना वाटलं, सर आहेत म्हणजे सरांनी लावलंच असेल कुणाला तरी. वीस वर्षं वरण आपोआप आलं होतं. ते लिहून ठेवावं लागतं हे आमच्या कुणाच्या गावीही नव्हतं.

लग्नाच्या दिवशी अक्षता पडल्या. वहिनींच्या दिरानं कन्यादान केलं. पहिली पंगत अर्थातच वऱ्हाडाची, देगलूरकरांची. लिंबाखाली समोरासमोर दोन लांब रांगा, सरळ, एकही पट्टी तिरकी नाही. मीठ गेलं, लिंबू गेलं, चटणी, भाजी, पोळी. अप्पा भाताची परात घेऊन वाकत वाकत निघाले, मागं त्यांचा पुतण्या दुसरी परात घेऊन. गरम भाताच्या मुदी पडत गेल्या आणि लोकांनी बोटांनी भाताला आळी केली.

आणि मग काहीच आलं नाही.

मी दिगंबरकडं बघितलं. दिगंबरनं खाजाभाईंकडं, खाजाभाईंनी माझ्याकडं. वरणाची बादली आचाऱ्याजवळ भरून तयार होती, वर झाकण, पळी आत, फटीतून वाफ. आमच्यापासून चाळीस पावलं. एवढ्यात कुणीही जाऊन आणली असती. पण आम्ही तिघं तिथंच. तिच्या कडीला हात घालायचा म्हणजे तो आता येणार नाही हे कबूल करायचं, असं काहीसं मला वाटलं. बाकीच्या दोघांना काय वाटलं ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

दोन्ही रांगांत आळी केलेले भात वाट बघत होते. नवरदेवाचे मामा, गळ्यात जरीचा गमछा, मोठ्यानं म्हणाले, “काय उदगीरकर, वरण देगलूरहून आणायचं होतं का? आधी सांगितलं असतं तर कॅन भरून आणला असता!”

रांगभर हसू गेलं. नवरीकडचं कुणी हसलं नाही.

मांडवाच्या मागच्या कडेला बायकांत वहिनी बसल्या होत्या. नवरीची आई, पण विधींच्या वेळी मागंच होत्या. कुणी मागं बसा म्हटलं नव्हतं आणि पुढं या असंही म्हटलं नव्हतं. त्या उठल्या. पदर कमरेला खोचला. आचाऱ्याजवळ गेल्या, झाकण काढलं आणि बादली डाव्या हातानं उचलली. गिरणीच्या तोंडाशी दिवसभर धान्याचे डबे चढवणारा हात तो.

“अगं सुनंदा, तू कशाला?” त्यांच्या नात्यातल्या एक म्हाताऱ्या आत्याबाई म्हणाल्या. “पहिल्या पंगतीला? लग्नाच्या?”

त्या काय म्हणत होत्या ते सगळ्यांना कळलं. अप्पा परातीवरून मान वर न करता बोलले, “आत्याबाई, भात निवून राहिलाय. बोलायचं आसंल तर जेवून बोला. उपाशी पोटी बोललेलं मला ऐकू येत न्हाई.”

वहिनी तोवर मामांच्या पत्रावळीपाशी पोचल्या होत्या.

“किती दादा?”

मामांनी वर बघितलं. हा प्रश्न त्यांना बहुधा असा कुणी विचारला नसावा. “होऊ द्या ताई,” ते म्हणाले, “भरून होऊ द्या.” आळं भरलं, काठावरून थोडं वाहिलं.

तेव्हा कुठं मला जाग आली आणि मी तुपाचं भांडं घेऊन मागं धावलो. बालाजी बादली झुलवायचा. वहिनींची बादली हलतही नव्हती. सरळ चालल्या, दोन्ही रांगा, एक थेंब पत्रावळीबाहेर नाही, पंगतीकडं पाठ नाही. क्रीडाशिक्षक म्हणून मी हे नोंदवतो. शेवटच्या टोकाला एक लहान पोरगी “नको, नको” म्हणत दोन्ही हात पत्रावळीवर धरून बसली होती. वहिनी थांबल्या. “नको का? बरं. एक थेंब का दोन?” पोरीनं विचार करून दोन सांगितले.

मामांनी तीनदा वरण घेतलं. तिसऱ्या वेळी म्हणाले, “उशिरा आलं पण खरं हाय बरं का.”

चार पंगती उठल्या. ऊन लिंबाच्या बुंध्यापर्यंत सरकलं. पाचवी पंगत आमची. मी, अप्पा, दिगंबर, खाजाभाई बसलो आणि रीतीप्रमाणं यजमानाची वाट बघू लागलो. वहिनी बादली घेऊन आल्या.

“ठेवा ती,” अप्पा म्हणाले. “बसा इथं.”

“मग यजमान कोण? रीत हाय न्हवं तुमची?”

“वाढलं कुणी? तुमी. म्हंजे तुमी वाढपी. वाढपी बसतो. रीत हाय.”

“अन् यजमानबी मीच.”

अप्पांना हा पेच आवडला. त्यांनी दोन घोट पाणी पिऊन विचार केला आणि हाक मारली, “अश्विनी! ये बाई. नवऱ्यालाबी आण. त्याला काय येतं ते बघू.”

अश्विनीनं भात वाढला, शालू सावरत, रडून सुजलेल्या डोळ्यांनी आणि हसत. जावयानं वरण. पहिली पळी खाजाभाईंच्या पत्रावळीबाहेर.

“जावईबापू,” खाजाभाई म्हणाले, “भात इधर है. उधर जमीन है. जमिनीचं पोट भरलंय.”

वहिनी इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा एवढ्या जवळ.

दुसऱ्या दिवशी भांडी घासायची असतात. तीही मंडळाचीच रीत: नेलेली भांडी घासून, मोजून परत. गोदामामागच्या नळावर आम्ही राख आणि काथ्या घेऊन बसलो होतो, तेव्हा वहिनी वरणाची बादली घेऊन आल्या. तिला त्यांनी घरीच घासलं होतं. मला वाटलं, आत्ता नाही तर मी आयुष्यभर पलीकडच्या बाजूनं जात राहीन.

“वहिनी, एक सांगायचं राहिलंय.”

“सांगा.”

“गेटावर आठही दिवस बालाजीचं नाव मीच लावलं. बदली द्यायला पाहिजे होती. माझी ड्युटी चारला सुटायची. संध्याकाळी मी जाऊ शकलो असतो.”

खाजाभाईंचा काथ्या थांबला. दिगंबरनं नळ बंद केला, मग उगाच परत सोडला.

“म्हाईत हाय मला,” वहिनी म्हणाल्या.

“कसं?”

“तुमच्या यादीचा कागद त्यांनी आठव्या दिवशी आणून गिरणीवर लावला होता. खळ करून चिकटवलेला. अजून हाय. रोज समोर दिसतो की.” त्या बादली उपडी करून तिच्यावर बसल्या. “तुमी नाव लावलं नसतं तरी ते गेलेच असते. पर लावलं तुमीच. दोन्ही खरं हाय सर. दोन्ही धरूनच मी दळण दळून राहिले इतकी वर्षं. राग आला न्हाई असं म्हणणार न्हाई. लई आला. तुमी पलीकडून जायला लागलात तेव्हा त्याहून जास्त आला.”

त्यांनी राखेचा गोळा माझ्याकडं सरकवला. “घासा. करपलंय ते.”

मी घासलं. पातेलं खरंच करपलेलं होतं आणि मला त्याचा फार उपयोग झाला.

थोड्या वेळानं त्याच म्हणाल्या, “नांदेडची ती जागा मी पायली न्हाई. गेटाबाहेरची. मी तापात होते. ते आत गेले ते गेट, खाजाभाई बसले ते झाड, काय म्हाईत न्हाई मला. बघायची हाय. पर रिकाम्या हातानं जायचं न्हाई.”

“म्हणजे?” दिगंबरनं विचारलं.

“म्हंजे बादली घेऊन. तिथं अजून लोक बसत असतील न्हवं?”

“बसतात,” खाजाभाई म्हणाले. ते मागच्या महिन्यात कुणाला तरी घेऊन गेले होते. “आजार गेला, दवाखाना थोडाच गेला? खेड्यापाड्यातून येतात, चार-चार दिवस झाडाखाली. लंगरवाले येतात, देतात. पर लोक लई हायेत भाभी. हात कमी पडतात.”

“मग महिन्यातून एक रविवार,” वहिनी म्हणाल्या. “उन्हाळाभर तरी. लग्न नसलं त्या दिवशी.”

अप्पा इतका वेळ सावलीत स्टुलावर बसून द्रोण मोजत होते. “नांदेडपर्यंत? यप्पा! माझे गुडघे मोंढ्यापर्यंत येईनात.”

“तुमी गाडीत बसून भात वाढा. लोक गाडीपाशी येतील.”

“म्हंजे मी बुफे?” अप्पा खवळून उठलेच. “बुफे न्हाई करणार. आलो तर पंगतीत वाढणार.”

असे अप्पा तयार झाले. मी हात धुतले, कोरडे केले आणि वही आणायला घरी गेलो. येताना मुद्दाम गिरणीवरून आलो. दार उघडं होतं. कागद पिवळा पडलाय, पिठानं भुरकटलाय, पण अक्षर स्वच्छ वाचता येतं. मी तो पूर्ण वाचला. खालचं एक टोक सुटलं होतं, ते अंगठ्यानं दाबलं.

आज वैशाखातला शेवटचा रविवार. चौकात सकाळपासून दोन बँड भांडताहेत. त्या दिवशी नळावर बसून केलेली यादी माझ्यासमोर आहे. तांदूळ, डाळ: अप्पा, झालं. भांडी, शेगडी: दिगंबर, झालं. टेम्पोचा ब्रेक: खाजाभाई, झालं. भात: अप्पा, मदतीला पुतण्या. वरण: सुनंदावहिनी. हे नाव मी सगळ्यांत आधी लिहिलं होतं. वरणाला एक बदली माणूसही लिहिला आहे, आणि तो मी आहे. यापुढं वाढायच्या कुठल्याही कामाला एकच नाव लिहायचं नाही, असा नवा नियम मी केलाय. मंडळानं तो न भांडता मान्य केला, हे नवल. अश्विनीनं देगलूरहून फोन करून सांगितलंय की जावई पत्रावळीच्या आत वाढायचा सराव करताहेत, तेव्हा एखाद्या रविवारी त्यांनाही लावा.

सगळ्या ओळींवर खुणा झाल्या. एक ओळ सोडून. जायच्या आधी कुणी तरी एकट्यानं जाऊन जागा बघून यायची आहे: सावली किती वाजेपर्यंत असते, पाणी कुठून मिळेल, पंगत कुठल्या कडेला बसवली तर रुग्णवाहिकेच्या वाटेत येणार नाही, परवानगी कुणाला विचारायची. खाजाभाई म्हणाले होते, मी जातो, मला माहीत आहे सगळं. मीच नको म्हटलं. त्यानंतर दोनदा बसस्टँडवर जाऊन आलो. दोन्ही वेळा नांदेडची गाडी लागलेली होती. दोन्ही वेळा लिंबं घेऊन घरी आलो. उद्या सकाळची गाडी सातची आहे.

नांदेड, गेटाबाहेरची जागा बघून येणे – मी.

खूण अजून करायची आहे.